कॉकपिटमधली शिळी माहिती: दोष वैमानिकाच्या नजरेचा की कागदांच्या ढिगाचा?

दर्यावर्दी (वास्को):

मंडळी, विषय विमानाचा आहे, पण मी तो जहाजावरचा माणूस म्हणून मांडतोय. मर्चंट नेव्हीत मी सेकंड मेट होतो. नकाशे अद्ययावत ठेवणं हे सेकंड मेटचं काम. दर आठवड्याला 'नोटिसेस टू मरिनर्स' यायच्या. कुठला बोया हलवलाय, कुठला दिवा बंद आहे, कुठे बुडालेलं जहाज नव्याने सापडलंय, हे सगळं त्यात असायचं. प्रत्येक दुरुस्ती जांभळ्या शाईने नकाशावर उतरवायची आणि खाली डाव्या कोपऱ्यात तिचा नंबर टाकायचा. कॅप्टन नकाशा उघडला की आधी तो कोपरा बघायचा. आता कागद गेले, ईसीडीआयएसचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाचा, पडदा आला, तरी आठवड्याची अपडेट चढली का हे बघण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली असते.

मध्यंतरी गप्पांत विषय निघाला की उड्डाणाआधीच्या तपासणीत वैमानिकांच्या नजरेतून मुदत संपलेली माहिती निसटते. जुना नॅव्हिगेशन डेटाबेस, जुना चार्ट, तासाभरापूर्वीचं हवामान, न वाचलेला नोटॅम, म्हणजे विमानतळ किंवा मार्गावरच्या बदलांची वैमानिकांना दिलेली सूचना. बसलेल्या जवळजवळ सगळ्यांनी वैमानिकांची बाजू घेतली. वेळ कमी, कागद फार, कामाचा ताण. मला हे पटत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हवाई मार्ग, धावपट्ट्या, रेडिओ साधनं यांच्या माहितीतले बदल जगभर ठरलेल्या तारखांना लागू होतात, दर २८ दिवसांनी, गुरुवारी. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या या पद्धतीला एअरॅक म्हणतात. विमानातल्या फ्लाइट मॅनेजमेंट संगणकाच्या सुरुवातीच्याच पानावर डेटाबेस कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. दोन तारखा वाचायला किती वेळ लागतो? शिवाय आयकाओच्या अ‍ॅनेक्स २ मध्ये, म्हणजे हवाई नियमांच्या परिशिष्टात, साफ म्हटलंय की उड्डाणाशी संबंधित उपलब्ध असलेली सगळी माहिती आधी करून घेणं ही कॅप्टनची जबाबदारी आहे.

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनचा २७ ऑगस्ट २००६ चा अपघात घ्या. विमानतळावर बांधकाम चालू होतं, टॅक्सीवेची, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यांची, रचना बदलली होती, आणि कॉकपिटमधला चार्ट जुनी रचना दाखवत होता. विमान २२ ऐवजी २६ नंबरच्या धावपट्टीवर गेलं, जिची लांबी निम्मीच होती. ५० पैकी ४९ माणसं गेली. चार्ट जुना होता हे खरं, पण त्या धावपट्टीवर दिवेही नव्हते आणि विमानाची दिशा तब्बल ४० अंशांनी वेगळी होती. दिवे नाहीत हे विचित्र आहे असं को-पायलट बोललासुद्धा, तरी विमान धावत राहिलं. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने, एनटीएसबीने, मुख्य कारण वैमानिकांकडेच ठेवलं: समोरच्या खुणा त्यांनी वापरल्या नाहीत, ताडून पाहिलं नाही.

माझं मत असं की कॉकपिटमध्ये दोन माणसं बसतात. दोघांपैकी एकानेही तारीख वाचली नसेल तर तो दोष त्यांचा, आणि परवान्यावर कारवाई व्हायला हवी.

साळ नदी (कुंकळ्ळी):

शंभर टक्के सहमत. पावसाळ्यात रात्री आम्ही जीव मुठीत धरून बसतो तेव्हा पुढे बसलेल्या दोघांवर विश्वास टाकलेला असतो, कुठल्या तरी 'सिस्टीम'वर नव्हे.

उजवी खुर्ची (फोंडा):

दर्यावर्दीबाब, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. कंपनीचं नाव घेत नाही.

तुमच्याकडे दुरुस्ती उतरवायला अख्खा आठवडा होता. आमच्याकडे सुटण्याआधी साधारण तासभर असतो, आणि दिवसातलं पहिलं उड्डाण सोडलं तर तेवढाही नसतो, कारण विमान स्टँडवर अर्धा तास थांबतं आणि परत निघतं. तेवढ्यात फ्लाइट प्लॅन, इंधनाचा आकडा, वजन, टेक लॉग (विमानाच्या बिघाडांची नोंदवही), हवामान आणि नोटॅम. नोटॅम फक्त गोव्याचे नसतात. सुटायचं ठिकाण, उतरायचं ठिकाण, पर्यायी विमानतळ, वाटेतलं हवाई क्षेत्र. गोव्याला येताना मोपा आणि दाबोळी दोन्ही बघायचे, शिवाय बेळगाव, मंगळूर, बेंगळूरु यांतला जो पर्याय धरला असेल तो. दाबोळी नौदलाचा तळ, आयएनएस हंसा, एटीसीही, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणही, नौदलाचं, त्यामुळे तिथल्या वेळांच्या सूचना वेगळ्या. सगळं कॅपिटल अक्षरांत, संक्षेपांत, एकाखाली एक. अमुक ठिकाणी क्रेन उभी आहे, तमुक टॅक्सीवेचा एक दिवा बंद आहे, गवत कापणं चालू आहे. आणि त्याच रांगेत, त्याच अक्षरांत, धावपट्टी बंद आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत ७ जुलै २०१७ ला काय झालं ते बघा. एअर कॅनडाचं ए३२० धावपट्टी समजून टॅक्सीवेवर उतरत होतं. टॅक्सीवेवर प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून साधारण ६० फुटांवर आल्यावर ते वर उचललं गेलं. शेजारची २८ लेफ्ट धावपट्टी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते, म्हणून वैमानिकांना २८ राइट हीच २८ लेफ्ट वाटली, आणि तिच्या शेजारचा टॅक्सीवे २८ राइट. बंद असल्याचा नोटॅम त्यांच्याकडे होता. कुठे? २७ पानांच्या पॅकेजमधल्या आठव्या पानावर. एनटीएसबीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी जाहीर सुनावणीत नोटॅमना कुणी लक्ष न देणारा कचरा म्हटलं. हे बोलणारा माणूस स्वतः विमान कंपनीत वैमानिक होता. आणि त्या रात्री एअर कॅनडाचा कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागा होता.

तुम्ही त्याचा परवाना काढून घ्याल. आठवं पान तसंच राहील.

दर्यावर्दी:

आठवं पान बदलायला हवं, याला माझा विरोध कुठे आहे? पण मी बोलतोय ते डेटाबेसच्या तारखेबद्दल. ती आठव्या पानावर नाही, पहिल्या पानावर आहे. नोटॅमच्या गर्दीचं कारण त्या तारखेला लावू नका.

हँगर दोन (चिखली):

विमानांच्या देखभालीत काम करतो, इंजिनिअर आहे, म्हणून डेटाबेसपुरतं सांगतो, कारण वर दोन गैरसमज दिसले.

पहिला. डेटाबेस आम्ही भरतो, पण संगणकात एका वेळी दोन सायकली, म्हणजे २८-२८ दिवसांच्या माहितीचे दोन संच, असतात, एक चालू आणि एक पुढची किंवा मागची. आम्ही नवी सायकल आधीच चढवून ठेवतो. ज्या दिवशी ती लागू होते त्या दिवशी कुणीतरी चालू सायकल बदलावी लागते, आणि ते काम बहुतेक वेळा कॉकपिटमध्ये बसणाऱ्यावर येतं. नवी सायकल लागू होते ०००० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे आपल्याकडे गुरुवारी पहाटे साडेपाचला. पाच-दहाला सुटणाऱ्या विमानासाठी घड्याळात जुनी सायकल बरोबर, आणि ते पोचेपर्यंत नवी लागू झालेली असते. ती जमिनीवर असतानाच ठरवायची, हवेत हात लावायचा नाही. चूक व्हायची जागा नेमकी ही. बाकीचे सत्तावीस दिवस कुणीही तारीख बघितली नाही तरी काही बिघडत नाही, म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशीही बघितली जात नाही.

दुसरा. मुदत संपलेल्या डेटाबेसवर विमान उडवताच येत नाही असं नाही. एमईएलमध्ये, म्हणजे कुठली गोष्ट बिघडलेली असतानाही उडता येतं त्या यादीत, मर्यादित दिवसांची सूट असते. अट अशी की मार्गातले बिंदू आणि साधनं चालू चार्टवरून ताडून घ्यायची, आणि टेक लॉगमध्ये नोंद हवी. म्हणजे जुना डेटाबेस घेऊन उडणं हा गुन्हा नव्हे, जुना आहे हे माहीत नसताना उडणं ही चूक.

आता माझं मत. मी दर्यावर्दींच्या बाजूचा आहे. बोइंगमध्ये तारीख उलटली की 'नॅव्ह डेटा आऊट ऑफ डेट' असा संदेश पडद्याच्या तळाशी येतो. तो घालवायला क्लिअरचं एक बटण पुरतं. संदेश न वाचता बटण दाबणाऱ्याला ताणाचं कारण देता येणार नाही.

पेडणे पंचक्रोशी:

आमच्या गावात आता विमानतळ आहे म्हणून एक स्थानिक गोष्ट. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून उड्डाणं सुरू झाली. दाबोळीचा आयकाओ कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. एका अक्षराचा फरक, आणि हवेतून अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. तिकिटावरचं जीओआय (दाबोळी) आणि जीओएक्स (मोपा) न बघता प्रवासी भलत्याच विमानतळावर जातात हे आपण गोव्यात नेहमी ऐकतो. वैमानिक तसं करणार नाहीत, पण डेटाबेसमध्ये, फ्लाइट प्लॅनमध्ये, नोटॅमच्या यादीत ही दोन नावं शेजारी शेजारी येत असणार. उजवी खुर्ची, यावर सांगाल का?

उजवी खुर्ची:

येतात. म्हणून मोपाला जाताना दाबोळीचे नोटॅम आधी वाचून झाले की मन म्हणतं, गोव्याचं वाचलं. मी स्वतः दोन्ही वेगवेगळे उघडतो. पण हे माझ्या सवयीवर सोडलेलं आहे, ही माझी तक्रार आहे.

आल्तिनो (पणजी):

मानसशास्त्र शिकवते, त्यातही माणूस आणि यंत्र यांच्यातल्या चुका हा माझा आवडीचा भाग. दर्यावर्दी म्हणतात तारीख वाचायला किती वेळ लागतो. वेळेचा प्रश्नच नाही. डोळा तारखेवर जातो, आणि जे दिसेल असं वाटत होतं तेच दिसतं. जे पान शंभर वेळा बरोबर निघालं ते एकशे एकाव्या वेळी मेंदू वाचत नाही, ओळखतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अहवालात एनटीएसबीने हाच मुद्दा घेतला होता. वैमानिकांना दोन धावपट्ट्या अपेक्षित होत्या, त्यांनी दोन पाहिल्या.

त्यामुळे 'नीट बघा' असं सांगून किंवा शिक्षेची भीती घालून हे सुटत नाही. घाबरलेला माणूसही तसंच बघतो. फरक पडतो तो उत्तर काय द्यायचं हे ठरवल्याने. एकाने विचारायचं 'डेटाबेस?' आणि दुसऱ्याने 'चेक्ड' म्हणायचं, हे न बघताही म्हणता येतं. पण उत्तरात शेवटची तारीख उच्चारायचीच असेल, आणि विचारणाऱ्याने ती आजच्या तारखेशी ताडायची असेल, तर पडद्याकडे बघितल्याशिवाय तोंडातून शब्द निघणार नाही. कॉकपिटमध्ये उंचीमापकाचा दाब असाच आकडा उच्चारून ताडतात. तारखेला तोच मान द्यायला हवा.

साळ नदी:

ताई, तुम्ही सांगता ते समजलं. पण मग माणूस जबाबदार कधी असतो? मेंदू ओळखतो, कागद फार, कॅप्टन दमलेला. प्रत्येक वेळी कारण तयार. रुग्णाला चुकीचं रक्त चढवलं तर आपण असं म्हणतो का? लेक्सिंग्टनच्या ४९ घरांना हे कसं सांगणार?

म्हापशाचा शुक्रवार:

वकिली करतो, म्हणून शिक्षेबद्दल बोलतो. या धाग्यावर इरेबसचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

२८ नोव्हेंबर १९७९. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला निघालं आणि माउंट इरेबसवर आदळलं. २५७ जणांपैकी कुणी वाचलं नाही. वैमानिकांना आधीच्या ब्रीफिंगमध्ये जो मार्ग दाखवला होता तो मॅकमर्डो साउंडच्या सपाट बर्फावरून जाणारा. कॅप्टनने आदल्या संध्याकाळी घरी नकाशे उघडून तो मार्ग आखून बघितला होता. म्हणजे तुम्हाला हवी तशी तपासणी त्याने केली, गरजेपेक्षा जास्त केली. त्याच रात्री कंपनीच्या जमिनीवरच्या संगणकात शेवटच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश बदलले गेले. नवा मार्ग थेट डोंगरावरून. वैमानिकांना कुणी सांगितलं नाही. सकाळी तेच आकडे विमानात भरले गेले.

पहिल्या चौकशीने दोष कॅप्टनवर टाकला. त्यानंतर न्यायमूर्ती पीटर माहोन यांचा आयोग बसला आणि १९८१ च्या अहवालात त्यांनी वैमानिकांना दोषमुक्त करून जबाबदारी कंपनीच्या कारभारावर ठेवली. वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली ती २०१९ साली, चाळिसाव्या स्मृतिदिनी.

दर्यावर्दीबाब, मेलेल्या वैमानिकावर बोट दाखवणं सगळ्यात सोपं असतं. तो उत्तर देत नाही, आणि कंपनीचं काही जात नाही. म्हणून 'परवाना काढा' हा शब्द मला भीतिदायक वाटतो.

दर्यावर्दी:

इरेबसबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, पण ते माझ्याविरुद्ध जात नाही. त्या कॅप्टनने आपलं काम केलं होतं. ज्याने आकडा बदलला आणि ज्याच्यावर तो कळवण्याचं काम होतं, त्यांनी केलं नाही. जहाजावर आमचा आग्रह हाच असतो की प्रत्येक दुरुस्तीखाली कुणाचं तरी नाव हवं. ते नाव वैमानिकाचंच असावं असं मी म्हणत नाही. बदल दिसतच नसेल तर वैमानिक निर्दोष. तारीख डोळ्यांसमोर असेल, यंत्राने संदेश दिला असेल आणि तो खोडला गेला असेल, तर जबाबदार तो. साळ नदींच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

आणि आल्तिनोताईंची तारीख उच्चारण्याची सूचना मला मनापासून आवडली. आमचा कॅप्टन कोपऱ्यातला नंबर मोठ्याने वाचायला लावायचा, त्यामागे हेच असावं.

उजवी खुर्ची:

संदेश खोडला की परवाना, हा नियम उद्या आला तर काय होईल ते सांगतो. आज एखाद्या पहाटे आमच्या लक्षात येतं की कालचं उड्डाण जुन्या सायकलवर झालं. आम्ही तो रिपोर्ट स्वतःहून सुरक्षा विभागाला देतो. कुणालाही काही झालेलं नसतं, रिपोर्ट दिला नसता तर कळलंही नसतं. त्या रिपोर्टमुळे हँगर दोन यांच्यासारख्या माणसांना कळतं की गुरुवारच्या पहाटे गोंधळ होतोय, आणि तिथे उपाय करता येतो. उद्या त्याच रिपोर्टवर परवाना जाणार असेल तर पहिला रिपोर्ट शेवटचा ठरेल. मग तुम्हाला पुढची बातमी अपघाताचीच मिळेल.

दमण्याबद्दल साळ नदी चिडून बोलल्या, म्हणून हेही लिहितो. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगवर बंधनं आणली. ते अंमलात आणताना २०२५ च्या डिसेंबरात देशभर विमानं रद्द झाली तेव्हा प्रवाशांनी किती शिव्या घातल्या ते आठवा. पहाटे पाचला ताजं डोकं हवं असेल तर त्याची किंमत वेळापत्रकात मोजावी लागते.

साळ नदी:

विमान रद्द झालं म्हणून चिडणाऱ्यांत मी नव्हते. विश्रांती द्याच. पण विश्रांती घेतलेल्या माणसाकडून मग मी तारीख वाचण्याची अपेक्षा ठेवणार.

पेडणे पंचक्रोशी:

एक व्यवहार्य सूचना. वैमानिक त्या विमानतळावर शेवटचा गेला त्यानंतर तिथे काय बदललं, एवढंच एका पानावर डिस्पॅचरने, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणाऱ्याने, काढून सगळ्यात वर लावावं. धावपट्टी बंद, आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) बंद, नवा टॅक्सीवे. क्रेन आणि गवत मागे. टॅबलेटला हे अवघड नसावं.

उजवी खुर्ची:

सूचना चांगली आहे, आणि क्रम लावणारी सॉफ्टवेअर आहेतही. माझी शंका अशी की मागे काय टाकायचं हे ठरवणार कोण? एखादी क्रेन नेमकी उड्डाणाच्या वाटेवर असेल आणि तिचा नोटॅम मागच्या पानांत गेला, तर अ‍ॅनेक्स २ प्रमाणे सगळं वाचण्याची जबाबदारी माझीच राहते. गाळण्याचा अधिकार एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, ही जोडी मला मान्य नाही. त्या पानाखाली डिस्पॅचरची सही असेल आणि चौकशीत ती सही माझ्या सहीइतकीच धरली जाणार असेल, तर मी ते पान आनंदाने घेईन.

हँगर दोन:

आमच्याकडे तसंच आहे. बोल्ट कसणारा वेगळा, तपासणारा वेगळा, दोघांची सही. चौकशीत दोघांनाही बोलावतात. डिस्पॅचला हे लागू करायला हरकत काय?

दर्यावर्दी:

सहीची अट मला मंजूर आहे, तीच मी पहिल्यापासून मागतोय. रिपोर्ट स्वतःहून देणाऱ्याला संरक्षण, हेही मंजूर. पण ज्याने रिपोर्ट दिला नाही आणि रेकॉर्डमध्ये संदेश खोडलेला सापडला, त्याच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

आल्तिनो:

उजवी खुर्ची, एकच विचारते. तुमच्या चेकलिस्टमध्ये डेटाबेसचं उत्तर तारीख आहे की 'चेक्ड'?

उजवी खुर्ची:

'चेक्ड'. मी स्वतः तारीख म्हणतो, काही कॅप्टनही म्हणतात, पण एसओपीत, म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीत, तसं नाही. चेकलिस्टचा शब्द बदलायचा तर कंपनीच्या ट्रेनिंग विभागाकडे लेखी प्रस्ताव जातो, मग तो पुढे मंजुरीला. तो मी देतो. परवान्याबद्दल मात्र दर्यावर्दीबाब आणि मी एकमत होणार नाही. रिपोर्ट न देणाऱ्याने तो का दिला नाही, हे आधी विचारा.